सारथ्य

मुंबईहून पुण्यास जाणारा द्रुतगती मार्ग जेथे सुरू होतो, ते कळंबोली गाव रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहे. पूर्वी येथे भातशेती होती. पुढे नवी मुंबई वसली व सिडकोने येथे लोखंड-पोलादाचा मोठा बाजार उभारला. शीवकडून येणारा रस्ता, न्हावाशेवा बंदराचा रस्ता आणि पुण्याचा रस्ता येथे एकत्र येतात. गोव्याची वाटही जवळच फुटते. त्यामुळे लोखंडी सळ्या व पत्र्यांची अवजड भेंडोळी लादलेले ट्रक आणि ट्रेलर येथे रात्रंदिवस ये-जा करीत असतात. एकेका वाहनाचे वजन भरल्यावर तीस-चाळीस टनांपर्यंत जाते. एवढे ओझे घाटातून उतरवून सुखरूप पोहोचविणारा माणूस आपली विद्या कोठे शिकतो, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनात येतो.

बहुतेक चालक ती शाळेत शिकत नाहीत. तरुण मुलगा प्रथम क्लीनर म्हणून ट्रकवर चढतो. काच पुसावी, चाकांतील हवा पाहावी, मागे घेताना ओरडून दिशा सांगावी, हे त्याचे काम. चालकाला तो 'उस्ताद' म्हणतो. रस्ता मोकळा असला म्हणजे उस्ताद कधी कधी त्याच्या हाती चक्र देतो आणि अशा रीतीने चार-सहा वर्षांत क्लीनरचा चालक होतो. ही गुरुपरंपरा तुच्छ मानण्याजोगी नाही. तिच्यातून अनेक निष्णात चालक तयार झाले आहेत. परंतु उस्तादाचे गुण जसे शिष्याकडे येतात, तशा त्याच्या चुकाही येतात, आणि त्या चुका आहेत हे दोघांनाही ठाऊक नसते.

बोरघाटातील एक समजूत याचे उत्तम उदाहरण आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी 'न्यूट्रल' करावी, म्हणजे डिझेल वाचते, असे पुष्कळ चालक मानीत आले. न्यूट्रल करणे म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडणे. गाडी खालच्या गिअरमध्ये असते तेव्हा उतारावर चाकेच इंजिनाला फिरवितात; इंजिन त्यास विरोध करते आणि गाडीचा वेग आपोआप आवरला जातो. संबंध तुटला की सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. वळणामागून वळण ब्रेक दाबीत राहिल्याने ब्रेकचे पट्टे तापतात, तापले की त्यांची पकड सुटू लागते, आणि अखेरीस चालक जीव तोडून पाय दाबीत असताही गाडी थांबत नाही. काही जण तर इंजिनच बंद करतात. अवजड वाहनाचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिन थांबले की हवा भरणेही थांबते. टाकीत उरलेली हवा संपेपर्यंत काय तो आधार! चक्रही जड होते.

हा धोका ज्या बचतीसाठी पत्करावयाचा, ती बचत तरी खरी आहे काय? आधुनिक इंजिनात, गिअरमध्ये राहून उतार उतरताना चालकाने पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यास थोडे तरी डिझेल जळतेच. म्हणजे वाचविण्याकरिता जे केले त्यानेच ते खर्ची पडते. ही गोष्ट कोणी समजावून सांगितली तर कोणत्याही चालकास अर्ध्या तासात पटण्याजोगी आहे. चालकाच्या शिक्षणाचा खरा उपयोग येथे दिसतो. ज्या चुकीला तो हुशारी समजत होता, ती चूक असल्याचे त्याला कळते.

वेगाचेही असेच आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो; म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 22 मीटर संपले. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले तर 44 मीटर गाडी डोळे मिटल्याप्रमाणे धावली. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित सातवीच्या मुलासही करता येईल. पण गाडी चालविणाऱ्या कित्येकांनी ते कधीच केलेले नसते. भारतात 2022 साली रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांपैकी दर दहांमागे सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या नावे नोंदले गेले आहेत.

मग सर्वांना गाडी उत्तम चालविण्यास शिकविले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. अनुभव तसा नाही. नॉर्वे देशात 1979 साली नवशिक्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. पुढे तपासणी झाली तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. 'आता आपल्याला सारे येते' असे वाटून ते अधिक धीट झाले होते! न्यूझीलंडने 1987 साली निराळी वाट धरली. तेथे नवा चालक प्रथम जाणत्या माणसास शेजारी बसवूनच गाडी चालवितो. मग एकट्यास परवानगी मिळते, पण रात्री उशिरा नाही व मित्रांना घेऊन नाही. पूर्ण परवाना त्यानंतर मिळतो. या पद्धतीने तरुणांचे अपघात कमी झाले आणि अनेक देशांनी ती उचलली. हाताचे कसब लवकर येते, पण आपल्या कसबाची मर्यादा ओळखण्यास वेळ लागतो. महाभारतातील शल्य सारथ्यात श्रीकृष्णाच्या तोडीचा मानला जाई, पण कर्णाच्या रथावर बसून तो त्याचाच धीर खचवीत राहिला. श्रीकृष्णाने जयद्रथवधाच्या दिवशी, ऐन युद्धात रथ थांबवून घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना पाणी पाजले. आजच्या चालकाने निघण्यापूर्वी ब्रेक व चाके तपासणे आणि डोळ्यांवर झापड येताच गाडी बाजूच्या तळावर नेऊन झोप घेणे, हे त्याच जातीचे काम आहे.

द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, सिमेंट काँक्रीटचा. त्याने प्रवास सोपा केला, तसे दुःखही दिले. 2001 साली अभिनेत्री भक्ती बर्वे आणि 2012 साली अभिनेते आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे यांना महाराष्ट्र याच मार्गावर मुकला. 2016 साली येथे 151 माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी या मार्गावर एकही मृत्यू होऊ नये असा संकल्प सोडला. धोक्याच्या जागी कठडे बसविण्यात आले, रस्त्याकडेला उभी राहणारी वाहने हटविण्यात आली, जखमींना त्वरित मदत मिळेल अशी तजवीज झाली आणि चालकांनाही समज देण्यात आली. 2019 साली मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. यात शिक्षणाचा वाटा किती आणि कठड्यांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. चांगला रस्ता चालकाची एखादी चूक पोटात घालतो; रोजची चूक मात्र कोणताही रस्ता सोशीत नाही.

पुण्याजवळ भोसरी येथे 1967 साली स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. तेथे चालकांना शास्त्रशुद्ध शिक्षण दिले जाते. अशा संस्था अजून थोड्या आहेत. मालवाहू गाडी चालविणारा निदान आठवी उत्तीर्ण असावा, अशी अट पूर्वी होती. ती 2019 साली केंद्र शासनाने काढून टाकली. शाळा सुटलेल्या गरीब तरुणाची रोजी त्यामुळे वाचली, आणि ते योग्यच झाले. पण शाळेचा दाखला गेला म्हणून शिक्षणाची गरज गेली नाही. उलट गाडी शिकविणाऱ्यांवरील जबाबदारी वाढली.

आज सातवीत असलेला मुलगा आणखी पाच-सहा वर्षांनी शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करील. मोटारीसाठी वय 18 पूर्ण लागते, मालवाहू किंवा प्रवासी वाहनासाठी 20. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसण्यापूर्वी निदान 30 दिवस जावे लागतात. हे 30 दिवस पुष्कळांना अडचणीचे वाटतात, आणि काही घरांतून तर त्याही आधी मुलाच्या हाती गाडी कौतुकाने दिली जाते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.