लेकरू कोणाचे हरवले?



आजच्या पाठाचा विषय शास्त्रातला खरा, पण तो पोथीपेक्षा पारावर जास्त लागतो. तो म्हणजे सारासार विचार. संस्कृतात त्याला विवेक म्हणतात, आयाबाया नुसते ‘अक्कल’ म्हणतात. विवेक म्हणजे वेगळे करणे. सुपात दाणा आणि फोल पाखडून निराळे करावे तसे. हल्ली सूप घरात आहे, पाखडणे तेवढे गेले.

पाठशाळेत आम्हांला अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह होता. त्यात प्रमाणे चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हे प्रमाण खरे. पण कोणाचा शब्द? आप्ताचा. इथे आप्त म्हणजे सोयरा नव्हे. जे जसे आहे तसे सांगतो तो आप्त. आता मोबाईलवर येते त्याचा वक्ता कोण? ज्याला विचारावे तो म्हणतो, ‘मला आलं, मी पुढं धाडलं.’ शब्द गावभर फिरतो, वक्ता कुठेच नाही!

हितोपदेशातला ब्राह्मण आठवा. खांद्यावर बोकड. वाटेत तीन ठक निरनिराळ्या ठिकाणी उभे. तिघेही म्हणाले, महाराज, कुत्रे कशाला वाहता? बोकड त्याच्याच खांद्यावर होते, तरी त्याने आपले प्रत्यक्ष सोडले आणि तिघांचे ऐकले. त्याचे बोकडच गेले. आपल्या महाराष्ट्रात माणसे गेली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा. बाजार भरलेला. पाच भिक्षेकरी तिथे आले. नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी आवई मोबाईलवरून आधीच पसरली होती. ते एका लहान मुलीशी बोलताना दिसले, एवढ्यावर जमाव उठला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना जिवे मारले.

आषाढी २३ जुलैला होती. वारीचे दिवस तोंडावर आलेले. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह, आणि निवृत्तिनाथ ज्ञानोबांचे गुरू. त्या नाथांचे नाव घेत दारी येणारा भिक्षेकरी, तोही चोखोबांच्या मंगळवेढ्याकडचा, आपण ओळखला नाही. एवढ्या गर्दीत एकानेही जोर धरून विचारले नाही, की अरे, लेकरू कोणाचे हरवले? ज्या यंत्राने आवई आणली, त्याच यंत्रावरून त्यांच्या गावी विचारता आले असते.

येथे पूर्वपक्ष असा : ‘महाराज, लेकराच्या जिवाचा प्रश्न. चौकशी करीत बसलो आणि चोर पळाला तर?’ शंका रास्त आहे. भीतीही खरी असू शकते. पण भीती हे प्रमाण नव्हे. सिद्धांत असा : संशयिताला बसवावे, तांब्याभर पाणी द्यावे, पोलीसपाटलाला बोलवावे. चोर असेल तर सुटत नाही. निर्दोष असेल तर आपल्या हातून हत्या घडत नाही. दोन्हीकडून लाभच. मारून टाकल्यावर मात्र चूक कळली तरी परतफेड नाही.

आमच्या सेलूत बाजारच्या दिवशी एक पोरगा अशीच बातमी घेऊन धावत आला. पायरीवर भाजी निवडत बसलेली म्हातारी म्हणाली, ‘बाबा, लेकरू कुणाचं गेलं? त्याच्या मायचं नाव सांग, आपण तिच्याकडं जाऊ.’ पोराला नाव सांगता येईना. जमलेली माणसे ओशाळली आणि आपापल्या वाटेने गेली. म्हातारीला अक्षर येत नाही, तर्कसंग्रहाचे नावही तिने ऐकलेले नाही. पण वक्ता कोण, पाहिले कोणी, घडले कोणाच्या घरी, हे सारे न्यायशास्त्र तिच्या एका प्रश्नात होते.

म्हणून माळकऱ्याने एवढा नेम धरावा. ऐकलेले पाखडल्याशिवाय पुढे धाडू नये. चारजण धावले म्हणून आपण धावू नये. आणि दारी आलेल्या परक्याला आधी विचारावे, ‘कुठले हो तुम्ही?’ पूर्वी हा प्रश्न भाकरीबरोबर सहज विचारला जाई. तो पुन्हा विचारू लागलो, तर निम्मी अक्कल परत आली समजा.

रामकृष्णहरि.