बोट आणलीस, आता आधी तिची मागची भिंत वाजवू

ये छकुले, बस इथं ओट्यावर. चहा टाकलाय. सकाळपासून बघतेय, ताडपत्री टाकलेल्या त्या जुन्या, जोडी इंजिनांच्या बोटीभोवती तुझ्या फेऱ्या चालल्यात आणि माझी नजर तेवढी चुकवतेस. अक्का रागावेल असं वाटलं ना तुला? अगं, मी कशाला रागवू? अलिबागला सासरी गेल्यापासून बारा वर्षं दिरांच्या शेडमध्ये जुन्या बोटीच उघडत आलेय मी. माझा राग बोटीवर नाही. ट्रक रिकामा व्हायच्या आत तू रंगाचे डबे आणलेस, तेवढंच मला खटकलं.

गल्लीतले काय म्हणतात ते मनाला लावून घेऊ नको. बीड जिल्ह्यात बोट कशाला, असं विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि २०२५च्या सप्टेंबरात हीच आपली सिंदफणा नदी गावांत शिरली, तेही आपणच पाहिलंय. आपलं माजलगावचं धरण त्याच सिंदफणेवरचं, वर जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणीही त्यातच येतं. चांगल्या सालात दिवाळीच्या सुमारास काठावर उभं राहिलं की पलीकडचा माणूस दिसत नाही. तेव्हा पाणी आहे. ते कधी आहे आणि कधी नाही, हे धरून चालायचं.

पण एक गोष्ट आत्ताच सांगते, मागून सांगितली तर तुला जास्त लागेल. पुराच्या वेळी कामाला येईल म्हणून ही बोट घेतलीस असं तू पाव्हण्यांना, तुझ्या नवऱ्याला, सांगितलंस. ही बोट त्या कामाची नाही गं. पुरात बचाव पथकं रबरी बोट का आणतात? तिचं बूड सपाट असतं, ती गुडघाभर पाण्यात चालते, चार माणसं तिला उचलून बांध ओलांडतात. तुझी बोट खोल व्ही आकाराच्या बुडाची. तिला खाली पाणी लागतं, आणि शेतात शिरलेल्या पुरात तारेचं कुंपण, विहिरीचा कठडा, मोटारीची वायर यांतलं काहीही पंख्याला भिडेल. ही भरल्या धरणाची बोट आहे. तिला तिचं काम दे.

आणि काम असं की जीव लावावा. या खोल व्हीची सुरुवात अमेरिकेत रे हंट नावाच्या आराखडाकारानं केली. १९६० साली मायामी ते नासाऊ शर्यत त्याच्या आराखड्यावर बांधलेल्या, रिचर्ड बर्ट्रामच्या ‘मॉपी’ बोटीनं जिंकली. समुद्र खवळलेला होता, सपाट बुडाच्या बोटी लाटांवर आपटत राहिल्या आणि ही लाट कापत गेली. पुढच्या कितीतरी वेगवान बोटी याच घडणीच्या झाल्या. २०१७च्या मार्चमध्ये मुंबईत मरिन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हा मी धाकट्याला कडेवर घेऊन कठड्यापाशी उभी होते. बोट वेग घेते आणि एका क्षणाला पाण्यातून जायचं सोडून पाण्यावर चढते. ते पाहिल्यावर माणूस ते विसरत नाही. तुलाही तेच झालंय, मला कळतंय.

म्हणूनच सांगते, रंग बाजूला ठेव आणि बोटीची मागची भिंत वाजव. ट्रान्सम म्हणतात तिला. दोन्ही इंजिनं तिच्यावर टांगलेली असतात. दीडशे अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन दीड ते दोन क्विंटलचं, म्हणजे जोडीचं वजन तीन-चार क्विंटल झालं. वर त्यांचा सगळा रेटा त्याच भिंतीतून बोटीत जातो. बाहेरून ती फायबरची दिसते, पण जुन्या बोटीत आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं. बाहेर चकाकी, आत काळा चिखल. लाकडी हातोडीनं इंचाइंचावर ठोकत जायचं. सुकं लाकूड टणक बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. मडकं घेताना आई बोटानं टिचकी मारून बघायची ना, तसाच कान लावायचा. शंका आली तर आतल्या बाजूनं बारीक भोक पाड आणि निघालेला भुसा चिमटीत दाब. तो ओला, काळपट लागला की भिंत गेली असं समज. मग बोटीच्या आतल्या जमिनीखालचे लांब दांडे बघायचे, स्ट्रिंगर म्हणतात त्यांना, आणि मधे भरलेला फोम. फोमनं पाणी प्यायलं असेल तर बोट विनाकारण कितीतरी किलो ओझं वाहत असते, आणि ते पाणी आपणहून कधीच निघत नाही.

माझ्या पहिल्या बोटीचं तुला कधी सांगितलं नाही. ती आधी रंगवली होती मी. सुंदर निळा रंग, पांढरा पट्टा. ज्यानं विकली तो म्हणाला होता, मागची भिंत नवी केलीय, आणि मी विश्वास ठेवला. तिसऱ्या फेरीला इंजिन रेटताना भिंत पाठीमागे वाकलेली मी डोळ्यांनी पाहिली. रेवदंड्याच्या खाडीत होतो आणि बोटीत माझा मुलगा होता. हळूहळू, एका इंजिनावर, बोट परत आणली. त्या रात्री मी जेवले नाही. तो निळा रंग मग मीच ग्राइंडरनं उडवला. म्हणून तुझ्या त्या डब्यांकडं बघून माझ्या पोटात कालवलं.

भिंत बदलायची वेळ आली तर प्लायवूड साधं घेऊ नको. आयएस ७१० असा शिक्का असलेलं मरीन प्लाय घे, दुकानात स्वतः वाचून. कुजकं लाकूड शेवटच्या तुकड्यापर्यंत काढायचं, थोडं राहू दे म्हणायचं नाही. जुन्या फायबरवर नवं लाकूड बसवताना इपॉक्सी महाग पडलं तरी ते घे, त्याची पकड पॉलिएस्टर रेझिनपेक्षा पुष्कळ चांगली. फक्त इपॉक्सीवर वरून पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, तिथं रंगच लागतो. तेव्हा तुझे डबे वाया जाणार नाहीत. आणि हे काम मे महिन्यात काढायचं नाही. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत रेझिन डब्यातच तापून घट्ट होतं, फायबरच्या मॅटवर पसरायलाही वेळ मिळत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा नडतो. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस या कामाचे. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे, थोडं थोडं कालवून. फायबर घासताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. ती कुसं अंगात शिरली की कितीही आंघोळ केली तरी खाज जात नाही, आणि ती छातीत तर जाऊच द्यायची नाहीत.

आता इंजिनं. तुझी इथली सुरुवात माझ्यापेक्षा बरी आहे, कारण तू अण्णांच्या किर्लोस्कर इंजिनापाशी बसलेली आहेस. कॉम्प्रेशन म्हणजे काय हे तुला सांगायला नको. सगळे प्लग काढायचे, इग्निशन बंद करून थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचं. आकडा शंभर आला की एकशेवीस, यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांपलीकडं फरक दिसला तर ते इंजिन उघडल्याशिवाय पाण्यात घालू नको. मग खालच्या गिअरचं तेल काढून बघ. दुधी निघालं तर सील गेलंय, आत पाणी आहे. धरणात मासेमारीच्या जाळ्यांचा नायलॉन दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळतो आणि गुपचूप तेच सील कापतो, म्हणून इथं दर महिन्याला पंखा काढून बघायची सवय लाव.

कोरडं इंजिन एक सेकंदही चालू करायचं नाही. आपल्या विहिरीवरच्या पंपाचा इम्पेलर धातूचा असतो, याचा रबराचा. पाणी नसलं तर त्याच्या पाकळ्या जळून तुटतात, तुकडे आतल्या वाटांत अडकतात आणि इंजिन तापून बसतं. इम्पेलर कितीही चांगला दिसला तरी दोन्ही नवे घाल. सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते का, ते आधी बघायचं.

कार्बोरेटरकडं तर फार लक्ष दे. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल पेट्रोलमधूनच येतं. त्यामुळं एका सिलिंडरचं जेट कचऱ्यानं अर्धं बुजलं तर त्याला पेट्रोल कमी आणि तेलही कमी, असा दुहेरी उपास घडतो. वरून इंजिन छान चालल्यासारखं वाटतं आणि पूर्ण वेगात पिस्टन वितळतो. मिश्रण पन्नासास एक, दहा लिटरला दोनशे मिली. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच हवं, मोटारसायकलचं टू-टी चालत नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप आतून भुसभुशीत करतं. सगळे पाइप, पंपाचा रबरी फुगा, फिल्टर नवे घाल. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवू नको.

आणि जुळी इंजिनं असल्याचा एक मोठा आधार आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. दोन्ही एकदम कधीच खोलू नको. एक खोललं की दुसरं तुझ्यासमोर उघडं पुस्तक असतं. कुठली वायर कुठं, कुठला वॉशर कुणाआधी, सगळं त्याला विचार. एक इंजिन ठिणगी देत नसेल तर दुसऱ्याची कॉइल त्याला लावून बघ. रोग कॉइलबरोबर गेला तर कळलं, नाही गेला तर पुढचा भाग. आम्ही शेडमध्ये अर्धे दोष असेच शोधतो.

पण जोडी जमवणं वेगळं. अण्णा म्हणायचे ते आठवतं, एक बैल पुढं आणि एक मागं असला की जू मानेला घासतं. तसंच हे. एक इंजिन नवं-तगडं आणि दुसरं कसंबसं, असं करू नको. पैसे कमी पडले तर सहा महिने थांब, पण दोघांना सारखं उभं कर. दोन्ही पंखे सहसा एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणजे बोट एका बाजूला ओढत नाही. त्यासाठी एका इंजिनाचा खालचा गिअरच उलट घडणीचा असतो आणि त्याला डावा पंखा लागतो. यामाहाच्या बऱ्याच जुन्या इंजिनांवर अश्वशक्तीच्या आकड्याआधी एल अक्षर असतं, ते हे उलटं इंजिन. तुझ्या इंजिनांवर काय लिहिलंय ते आधी घासून वाच, मगच पंखे माग. दोघांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे ढिले असतील तर तेही बदल. आणि सुकाणूची केबल जुनी आहे तशी अजिबात ठेवू नको. जोडी इंजिनांच्या वेगवान बोटीला हायड्रॉलिक सुकाणू हवं. वेगात असताना केबल अडकली तर वळायलाच जमत नाही.

चार-स्ट्रोक नवी जोडी लावू का, असं पाव्हणे विचारत होते. लावता येते, पेट्रोल कमी पिते, धूर नाही. पण ती वजनानं बहुतेक जास्तच भरते, आणि जुन्या बोटीची मागची बाजू त्या वजनासाठी केलेली नसते. मागून पाणी आत यायची वाट खाली जाते. माझं मन म्हणतं, या बोटीला तिची जुनीच जोडी ठेव.

समुद्रावरून गोड्या पाण्यात आणलीस म्हणून आणखी एक छोटं काम. इंजिनाच्या खालच्या भागाला जस्ताचे तुकडे लावलेले असतात, ते स्वतः झिजतात आणि ॲल्युमिनियम वाचवतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते झिजायचंच थांबतं. इथं मॅग्नेशियमचे लाव. उद्या कधी बोट पुन्हा समुद्रावर नेलीस तर आठवणीनं बदल, खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपतं.

कागदाचं काम पाव्हण्यांवर सोपव, त्यांना तो धीर आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आल्यापासून धरणातल्या इंजिनाच्या बोटीलाही नोंदणी आणि तपासणी लागते, आपल्या राज्यात ते महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं. धरणात उतरवायला पाटबंधाऱ्याची परवानगी वेगळी. हे झाल्याशिवाय शेजारच्या पोरांना फेरी मारून आणते असं म्हणू नको. आणि पहिल्या दिवसापासून इंजिन बंद करायची ती लाल दोरी मनगटाला. तू पाण्यात पडलीस तर बोट थांबली पाहिजे, गोल फिरून तुझ्यावर यायला नको. जॅकेट तुझ्यासकट सगळ्यांना. पोहता येतं म्हणून जॅकेट न घातलेली माणसं आम्ही किनाऱ्यावर ओढून काढली आहेत, छकुले. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

रडतेस कशाला? तू चुकलीस असं नाही म्हणत गं मी. पैसे गेले तेही सगळे वाया नाहीत. मी पौर्णिमेपर्यंत आहे माहेरी. अण्णांची लाकडी हातोडी माळ्यावर पितळी हंड्याच्या मागं होती, बघ सापडते का. खडूही घे. उद्या ऊन चढायच्या आत ताडपत्री काढू, तू ठोक, मी कान लावते, आणि जिथं जिथं भद्द वाजेल तिथं फुली मारत जाऊ.