पदवीचे अर्थशास्त्र आणि कांद्याचा भाव

पदवीच्या वर्गात शिकविली जाणारी मागणीची लवचिकता ही संकल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात विशद केली. तिचा प्रत्यय लासलगावच्या कांदा बाजारात येतो. समजा, १०० क्विंटल कांदा क्विंटलला २,००० रुपये दराने विकला गेला, तर उत्पादकांना २ लाख रुपये मिळतात. पुढील वर्षी आवक १२० क्विंटल होऊन दर १,००० रुपयांवर घसरला, तर १ लाख २० हजारच मिळतात. पीक वाढले, उत्पन्न घटले! कारण कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून बाजार समितीच्या दैनिक दरांची व आवकेची नोंद करवून घ्यावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लागल्यास, केवळ गतवर्षीचा भाव पाहून लागवड करण्यातील धोका गावालाही उमगेल.