प्लिनी : शिळेवरचा आणि पत्रांतला

रोमन साम्राज्य शिकवताना आम्ही प्राध्यापक मंडळी बहुधा सम्राटांची नावे ओळीने सांगतो आणि मोकळे होतो. विद्यार्थीही ती पाठ करतात. पण ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेले ते राज्य प्रत्यक्ष चालवीत कोण होते, त्यांना पदे कशी मिळत, बढती कशी होई, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. गेल्या वर्षी माझ्या वर्गात तो निघाला. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग हा माणूस खोटे बोलला का?" त्या वेळी मी घड्याळाकडे पाहून तास आटोपता घेतला. तेव्हाचे राहिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

तो माणूस म्हणजे धाकटा प्लिनी. जन्म इ. स. ६१ किंवा ६२, उत्तर इटलीतील कोमुम गावी. आजचे कोमो ते हेच. मामा थोरला प्लिनी, 'निसर्गेतिहास' या प्रचंड ग्रंथाचा कर्ता आणि मिसेनुम येथील आरमाराचा प्रमुख. ७९ साली व्हेसुव्हियसचा स्फोट झाला त्यात मामा गेला, आणि त्याच्या मृत्युपत्रान्वये सतरा वर्षांचा भाचा त्याचा दत्तक पुत्र व वारस झाला. घराणे सधन होते, पण सिनेटमध्ये बसलेले त्यात कोणी नव्हते. सिनेटर व्हायचे तर निदान दहा लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. ती याच्यापाशी होती.

प्लिनीची माहिती आपल्याला दोन ठिकाणी मिळते. एक त्याची पत्रे : त्याने स्वतः निवडून प्रसिद्ध केलेले नऊ भाग, आणि सम्राटाशी झालेल्या पत्रव्यवहाराचा दहावा. दुसरे साधन म्हणजे कोमुमचा शिलालेख. ती शिळा पुढे फोडून मिलानच्या एका चर्चमधील थडग्याला वापरली गेली. आज तिचा एकच तुकडा उरला आहे. बाकीचा मजकूर जुन्या नकलांमुळे वाचला. शिळेवर त्याची सगळी पदे कोरलेली आहेत. दिवाणी न्यायमंडळातले किरकोळ पद, मग सिरियात तिसऱ्या गॅलिका पलटणीत ट्रिब्यून, मग सम्राटाचा क्वेस्टर, प्रजेचा ट्रिब्यून, प्रीटर, सैनिकी कोषाचा प्रमुख, शनिमंदिरातील सरकारी खजिन्याचा प्रमुख, १०० साली दोन महिने कॉन्सल, पुढे शकुन पाहणाऱ्या ऑगर मंडळाचा सभासद, टायबर नदीच्या पात्राचा व काठांचा अधिकारी, आणि शेवटी बिथिनिया-पाँटसचा राज्यपाल. गावाला त्याने दिलेल्या देणग्याही खाली आहेत : स्नानगृह, ग्रंथालय, मुलामुलींच्या पोषणासाठी पाच लाख सेस्टर्स.

आता मुद्दा असा. यांतील बरीच पदे त्याला डोमिशियनच्या कारकिर्दीत मिळाली. ९३ साली या सम्राटाने सिनेटमधील विरोधकांची कत्तल आरंभिली. हेरेनियस सेनेशियो हा त्यांतलाच एक. त्याच वर्षी प्लिनीने त्याच्या जोडीने बेबियस मासा या लाचखाऊ राज्यपालावर खटला चालविला होता. डोमिशियनचा ९६ साली खून झाला. त्यानंतर प्लिनी सांगू लागला की, सम्राटाने सज्जनांचा द्वेष उघड करताच मी बढतीच्या वाटेवर थांबलो; माझ्याविरुद्धचा अर्ज त्याच्या कागदपत्रांत सापडला; तो जगता तर माझे काही खरे नव्हते. पण शिळेवरचे ते सैनिकी कोषाचे पद? बहुतेक अभ्यासक ते ९४ ते ९६ या काळात, म्हणजे ऐन दहशतीत, घालतात. आणि प्रसिद्ध केलेल्या पत्रांत प्लिनी या पदाचा उल्लेखच करीत नाही.

विद्यार्थिनीचा प्रश्न यावर होता. माझे मत सांगतो. त्याने खोटे लिहिले असे मला वाटत नाही. गैरसोयीचे तेवढे गाळले. हद्दपार झालेल्या तत्त्वज्ञ आर्टेमिडोरसला प्रीटर असताना तो जाऊन भेटला, त्याला पैसे दिले. हे धाडसच होते. पण डोमिशियनला प्लिनीची निष्ठा फारशी हवी नसावी; त्याचे हिशेब हवे होते. सिरियातही तरुण ट्रिब्यून म्हणून त्याला लढाई मिळाली नाही, घोडदळाच्या व पायदळाच्या जमाखर्चाची तपासणी मिळाली. अशी माणसे प्रत्येक राजवटीला लागतात, आणि म्हणून ती टिकतात.

ट्रेजननेही त्याला याच गुणासाठी उचलले. बिथिनिया-पाँटस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील काळ्या समुद्राकाठचा मुलूख. तेथे एरवी सिनेटचा प्रोकॉन्सल चिठ्ठी टाकून जाई. पण नगरपालिकांचे हिशेब इतके बिघडले होते की सम्राटाने इ. स. ११० च्या सुमारास आपला खास प्रतिनिधी म्हणून प्लिनीला पाठविले. आल्या आल्या तो प्रुसा शहराच्या वह्या तपासायला बसला. निकोमीडियाने पाणीपुरवठ्याच्या कालव्यावर ३३,१८,००० सेस्टर्स उधळून काम अर्धवट टाकले होते, आणि दुसऱ्यावर आणखी दोन लाख. सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा १,२०० सेस्टर्स होता. म्हणजे पहिल्याच कालव्यात सुमारे पावणेतीन हजार शिपायांचा वर्षाचा पगार बुडाला. निकीयाचे नाट्यगृह कोटीवर सेस्टर्स खाऊन खचत, तडकत होते. प्लिनी रोमहून तज्ज्ञ मागतो; ट्रेजन कळवितो की असे लोक प्रत्येक प्रांतात मिळतात, आम्हालाच ते ग्रीसकडून येतात!

सर्वांत बोलके प्रकरण आगीचे. निकोमीडियात मोठी आग लागून पुष्कळ घरे व दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. लोक उभे राहून पाहत होते. गावात ना पंप, ना बादली. प्लिनीने सुचविले की फार तर दीडशे कारागिरांचे अग्निशामक पथक नेमावे, त्यांच्यावर नजर मी ठेवीन. ट्रेजनने नकार दिला. माणसे कोणत्याही नावाने एकत्र आली की त्यांचा राजकीय गट होतो, तेव्हा साधने पुरवा आणि घरमालकांना वापरू द्या. ट्रेजन हा चांगला सम्राट, याबद्दल ग्रंथकारांचे एकमत आहे. तरीही त्याला जळत्या घरांपेक्षा दीडशे सुतारांची एकी अधिक धोक्याची वाटली. प्लिनीने या बाबतीत पुन्हा लिहिल्याचे दहाव्या भागात दिसत नाही. ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांविषयीचे त्याचे प्रसिद्ध पत्रही याच काळातले, आणि तेथेही आधी शिक्षा देऊन मग सल्ला विचारण्याची त्याची रीत दिसते.

पाठ्यपुस्तकात या भागाला 'राज्यकारभाराचा नमुना' म्हणतात. मला मात्र ही १२१ पत्रे वाचताना, वरिष्ठाच्या मर्जीशिवाय पाऊल न टाकणारा एक प्रामाणिक, कंटाळवाणा, भला अधिकारी दिसतो. शनिमंदिराच्या खजिन्यावर बसलेला माणूस तोच, आणि डोमिशियनचा कोष सांभाळणाराही तोच.

शेवटचे पत्र मात्र निराळे आहे. सरकारी टपालाच्या घोड्यांचा परवाना प्लिनी स्वतःच्या कामासाठी कधी वापरीत नसे. पण पत्नी कॅल्पर्नियाचे आजोबा वारले, तिला आत्याकडे तातडीने जायचे होते. त्याने न विचारता परवाना दिला, आणि मग सम्राटाला कळविले की वाट पाहिली असती तर उशीर झाला असता. ट्रेजनने उत्तर दिले की तू योग्य केलेस. त्यानंतर पत्रव्यवहार तुटतो. प्लिनी बहुधा त्या प्रांतातच वारला.