मुलीची शाळा का सुटते?

कुही तालुक्यातल्या कोणत्याही गावात चौथीचा वर्ग पाहा. पोरी पोरांच्या बरोबरीने बसलेल्या दिसतात. मग दहावीचा वर्ग पाहा. चौथीतल्या काही पोरी तिथे दिसत नाहीत. त्या कुठे गेल्या?

पैसा नाही म्हणून शाळा सुटली, असे पुष्कळ जण सांगतात. पण महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळेत मुलींना १२ वीपर्यंत फी नाही. वह्या, कपडे यांचा खर्च आहे, तो खरा. तरी खरे कारण दुसरीकडे आहे.

रोवणीचे दिवस येतात. माय बांधीत जाते. लहान्याला कोण धरणार? माय म्हणते, "आज घरी राहाय वं. उद्या जाजो शाळेत." मग मिरचीचा हंगाम येतो. मांढळकडे सातरे लागतात. बाया देठ खुडायला जातात. मायसंगे पोरगी बसली तर काम लवकर उरकते, घरात चार पैसे जास्त येतात. यात मायचा लोभ नाही, गरज आहे. पण या गरजेपायी काय जाते, ते मोजले पाहिजे.

हिशेब करू. शाळा आठवड्यात ६ दिवस. पोरगी २ दिवस घरी राहिली. म्हणजे १०० दिवसांत ६७ दिवसच हजेरी भरली. दहावीच्या परीक्षेला बोर्ड १०० त ७५ मागते. शिवाय गणितात मागचे चुकले की पुढचे कळत नाही. पोरगी मागच्या बाकावर बसू लागते. सरांनी विचारले तर उभी राहते, बोलत नाही. एक दिवस घरी सांगते, "मले नाही जाचं शाळेत." आणि आपण म्हणतो, पोरीले शिक्षणाची आवडच नाही!

दुसरे कारण वाटेचे. पुष्कळ गावांत शाळा सातवी-आठवीला संपते. हायस्कूल दूर. पोरगा सायकल काढतो. पोरगी मोठी झाली, तिला एकटी कशी धाडावी? ही भीती खोटी नाही. यासाठी एस.टी.चा अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा पास खेड्यातल्या मुलींना १२ वीपर्यंत फुकट मिळतो. गाडीची वेळ शाळेला जुळत नसेल तर ग्रामपंचायतीने आगाराला अर्ज करावा. अर्जावर गावातल्या बायांच्याही सह्या घ्याव्या.

पुरुषमंडळी बोलत नाहीत अशी एक गोष्ट आहे. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी आहे काय? पाणी आहे काय? नसेल तर पाळीच्या दिवसांत पोरगी घरी राहते. दर महिन्याला तीन-चार दिवस असेच जातात. पालकसभेत हे विचारायला लाजू नये.

२००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क वयाच्या ६ ते १४ वर्षांपर्यंत आहे. पुढे सक्ती नाही. नेमके तेव्हाच कोणी सोयरीक घेऊन येतो. १८ वर्षांआधी मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. गावात ते थांबवण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. १०९८ या नंबरला फोन फुकट लागतो.

आणि ज्या पोरीची शाळा सुटून गेली, तिचे काय?

उमरेड आपल्या शेजारचे. जाईबाई चौधरी तिथल्या. जन्म १८९२ चा. लहानपणीच लग्न झाले. त्या डोक्यावर ओझे वाहून हमाली करीत. एका मिशनरी बाईने त्यांच्या शिकण्याची सोय केली. पुढे त्या शिक्षिका झाल्या. त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली.

आज वाट त्याहून सोपी आहे. १७ नंबरचा फॉर्म भरला की घरी अभ्यास करून दहावीची परीक्षा देता येते. फॉर्मच्या तारखा पावसाळ्यात निघतात. जवळच्या हायस्कुलात हेडमास्तरांना विचारा. जाताना शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड सोबत न्या.