बक्षीस माईकवर सांगा, हातात नको

माझ्याबद्दल सध्या वाडीत आणि मुंबईकर मंडळींत दोन गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे, टाळ्या मिळायला लागल्या तसा हिला माज आला. दुसरी म्हणजे, नवऱ्यानं हिचं नाचणं बंद केलं. दोन्ही साफ खोट्या आहेत. मी नमन सोडलेलं नाही, एक मंडळ सोडलंय. ते का सोडलं हे दापोलीच्या बाजारात भेटेल त्या बाईला उभ्याउभ्या सांगून आता घसा बसलाय, म्हणून एकदाच नीट लिहिते. आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच मुली हल्ली स्त्रीपात्री नमनात उतरतायत. त्यांच्या हाती हे पडलं तर बरं.

गण, गौळण, संकासुर, वग म्हणजे काय हे इथं सांगत बसत नाही. कोकणातल्या माणसाला ते सांगावं लागू नये. एवढंच सांगते, की आमच्याकडे पूर्वी राधाही पुरुष आणि मावशीही पुरुष. आता राधा आणि गवळणी आम्ही बायका करतो, मावशी मात्र अजून पुरुषच. मी राधा करायचे आणि वगात नायिका. शिमग्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत गावोगावच्या पूजा आणि वाडीचे कार्यक्रम, दिवाळीनंतर मुंबईची थिएटरं. मंडळाचे मालक माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. मी त्यांना दादा म्हणायचे, अजूनही तोंडात तेच येतं.

नाईट किती, हे पहिल्या वर्षी ठरलंच नाही. विचारलं की दादा म्हणायचे, "तुला काय परकी समजतो काय मी?" आणि पाकिटात घालून जे देतील ते घ्यायचं. ढोलकीवाल्याची नाईट ठरलेली, बेंजोवाल्याची ठरलेली, साऊंडवाल्याला तर ॲडव्हान्स दिल्याशिवाय तो वायर उलगडत नाही. पाकीट फक्त आम्हा बायकांना. बक्षिसाचंही तसंच. प्रेक्षकांतून चिठ्ठी आणि नोट येते, माईकवर नाव पुकारतात, अमुक यांच्याकडून राधेच्या भूमिकेला पाचशे रुपये. पाचशे राधेला, हे सगळ्या गावानं ऐकलेलं असतं. ते राधेपर्यंत किती पोचतात ते राधेला विचारा.

आता तो प्रसंग सांगते. गाव सांगत नाही, गावाचा त्यात दोष नाही.

सत्यनारायणाच्या पूजेचा खेळ होता. गौळण ऐन रंगात आलेली. पुढच्या खुर्चीत मुंबईहून आलेला कुणी बडा पाहुणा बसला होता, त्याच्या चिठ्ठ्या एकामागून एक येत होत्या. मग निरोप आला, साहेबांना स्वतः स्टेजवर येऊन बक्षीस द्यायचंय. दादांनी होकार दिला. तो माणूस चपला घालूनच वर चढला. आम्ही ज्या स्टेजवर नारळ वाढवून, कपाळ टेकून पाय ठेवतो, त्या स्टेजवर. त्यानं नोट पुढे केली, मी हात पुढे केला, पण नोट काही त्यानं सोडली नाही. एक टोक त्याच्या चिमटीत, दुसरं माझ्या. तो ती हळूहळू आपल्याकडे ओढत होता आणि हसत विचारत होता, "राधे, खरं नाव काय तुझं?" मी पडद्याआड बघितलं. दादा तिथंच उभे होते. त्यांनी दोन बोटं हलवून खूण केली, घे, घे.

ती खूण मी अजून विसरलेले नाही. त्या माणसाचा मला इतका राग आला नाही. तसली माणसं दर खेळाला असतात आणि त्यांना कसं टाळायचं हे आम्हाला कळतं. पण दादांनी सगळं बघितलं होतं, आणि बघून त्यांनी हिशेब केला होता.

मला त्यातून सोडवलं आमच्या मावशीनं. लुगडं खोचून तो पुढे घुसला, "अगो राधे, मथुरेचा बाजार उठला तरी तुझा हयंच चाललाय?" म्हणत त्या पाहुण्याच्या हातातून नोट उपसली, कपाळाला लावली आणि माईकवर जोरात म्हणाला, "पावली!" लोक हसले. ढोलकीवाल्या काकांनी मघापासून हात थांबवला होता, त्यांनी त्याच क्षणी जोरात उचल घेतली. पाहुण्याला खाली उतरावंच लागलं. सोबत काम करणारी माणसं कशी असावीत, ते त्या दोघांकडे बघून शिकावं. नातं ना गोतं, पण वेळेला तेच धावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. रात्री पुन्हा. मग रोजच. एकदा मी विचारलं, माझा नंबर दिला कुणी? तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या मालकांनीच दिला. म्हणाले, पुढच्या वर्षीच्या सुपारीचं तुमच्याशीच बोलून घ्या."

सुपारीचं बोलणं माझ्याशी! जिला स्वतःची नाईट किती हे सांगितलं जात नव्हतं, तिच्याशी!

मुंबईचा खेळ करून परतताना पहाटे गाडी खेडला चहाला थांबली, तिथं मी सगळ्यांसमोर दादांना विचारलं. आधी ते हसले. "अगो बाय, आपलीच मानसां हायत ती." मी हटले नाही. मग आवाज चढला. परळचं दामोदर नाट्यगृह 2023 मध्ये बंद झालं, तेव्हापासून एकेक तारीख मिळवताना काय नाकदुऱ्या काढाव्या लागतात ते तुला काय ठाऊक, म्हणाले. दामोदर बंद झाल्याचं दुःख मलाही आहे. 1922 सालचं ते थिएटर, कोकणातल्या शक्ती-तुऱ्याला आणि नमनाला मुंबईत तेच हक्काचं घर होतं. पण थिएटर बंद पडलं म्हणून बायकांचे नंबर वाटायचे, हे कुठल्या लोककलेत बसतं? त्यावर त्यांनी मला जे सुनावलं ते जसंच्या तसं लिहिते. "येवढा सोवळा पाळायचा होता तर राधा कशाला झालीस?"

गाडीत पुढे कुणी बोललं नाही. दापोली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझं ठरलं होतं.

घरात मात्र पुढचे काही दिवस वाईट गेले. त्या रात्रीची क्लिप मंडळाच्याच यूट्यूब चॅनलवर चढली होती, नोट ओढतानाचा फोटो वर लावून. तिथून ती वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि माझ्या नवऱ्यानं भांडुपच्या खोलीत बसून बघितली. तो ओरडला नाही. त्याचे फोन कमी झाले, आणि आले तरी मुलीच्या शाळेपुरतेच. चाकरमान्याच्या बायकोला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मग दादांनी त्याला गाठलं, "बायकोला जरा समजव." तेव्हा तो म्हणाला, "तिचं काम आहे, तिच्याशी बोल." हे त्यानं मला सांगितलं नाही, मावशी करणाऱ्यानं सांगितलं. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूनं. त्या म्हणाल्या, "मी पोर सांभाळतंय ती तू नाचावंस म्हनून. कुनाचं फोन घ्यावंस म्हनून न्हाय." तेव्हा नवऱ्यानं बंद केलं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी येऊन विचारावं.

घर आणि स्टेज यांची ही ओढाताण माझ्या एकटीची नाही, हे मला पुस्तकांतून कळलं. ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मी काम केलंय. घाणेकर आपल्याच जिल्ह्यातले, चिपळूणचे. श्री. ना. पेंडश्यांच्या ‘गारंबीचा बापू’तला बापू त्यांनी केला, आणि गारंबी तर आमच्या दापोलीची. त्यांच्या पत्नी कांचनताईंचं ‘नाथ हा माझा’ मी मंडळ सोडल्यावर वाचलं, लागोपाठ हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. 1970 साली आलेलं ते पुस्तक, त्यावरून पुढे 1977 मध्ये ‘भूमिका’ हा सिनेमा निघाला. हंसाबाईंना संसार करायचा होता, पण त्यांच्या कमाईवर घर चाललं होतं, म्हणून काम थांबू दिलं गेलं नाही. वाचताना मला एक गोष्ट पटली. नाचगाण्यानं बाईचं घर मोडतं असं जे म्हणतात ते अर्धवट आहे. तिचे पैसे, तिच्या तारखा आणि तिच्याशी कुणी बोलायचं, हे सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं की घर हलायला लागतं. घाणेकरांच्या घरातली ओढाताण वेगळी होती, तिथं थिएटरच सगळं खाऊन टाकत होतं. दौऱ्यावर असतानाच 1986 मध्ये अमरावतीत ते गेले. टाळ्यांची सवय लागते, हे मला मान्य आहे. मलाही आहे.

आता मुलींनो, कामाचं सांगते.

नाईट, बक्षिसातला वाटा, निघायची आणि परत सोडायची वेळ, हे तालमीच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मालक नात्यातला असेल तर आधी लिहून घ्या. बक्षीस माईकवर पुकारायचं आणि मंडळाच्या माणसानं खालीच घ्यायचं, प्रेक्षकांतला कुणीही स्टेजवर येणार नाही, ही अट घाला. आता मी ज्या मंडळात आहे तिथं गणाच्या आधीच तशी सूचना देतात. कुणी रागावलं नाही, बक्षीसही कमी झालं नाही.

गावात रंगपट म्हणजे बहुतेकदा शाळेचा वर्ग. खिडक्यांना झडपा असतातच असं नाही. दोन जुन्या चादरी आणि मूठभर चिमटे पेटीत कायम ठेवा, आणि कपडे बदलताना तिथं कुणाच्याही हातात मोबाइल नको, बायकांच्याही नको. मंडळाचा एकच नंबर बाहेर जावा, तुमचा नको.

कुणी सारखा फोन करून, मेसेज करून पाठलाग करत असेल तर तो गुन्हा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 78 आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच नंबर ब्लॉक करा. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी आहे असं मला वाटायचं, तसं नाही. कामासाठी जिथं जावं लागतं ती जागा त्यात येते, मालकानं दिलेली गाडीसुद्धा येते. जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. ही मुदत मला कुणी सांगितली नव्हती. गावच्या बैठकीत मिटवू, गणपतीत चाकरमानी आले की बघू, असं म्हणत लोक तुमची मुदत घालवतात. मुद्दाम घालवतात, असं माझं मत आहे. व्हिडिओचंही ध्यानात ठेवा, कॉपीराइट कायद्यानं आपल्या सादरीकरणावर कलाकार म्हणून आपला हक्क असतो. न विचारता शूटिंग करून चॅनलवर टाकलं तर काढायला सांगता येतं. मी लेखी मागणी केली, तेव्हा क्लिप उतरली.

आणि हँडबिलावर नाव छापून घ्या. आमच्या हँडबिलावर संकासुराचं नाव, ढोलकीपटूचं नाव, लाइटवाल्याचंही नाव, आणि शेवटी ‘सोबत नामवंत स्त्री कलाकार’. पन्नाशीनंतर सरकारकडून ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळतं, आता ते महिना 5000 रुपये आहे. त्या अर्जाला तुम्ही इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. ‘नामवंत स्त्री कलाकार’ हा कुणाचाच पुरावा होत नाही.

झोप, जेवण, चार पैसे बाजूला टाकणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. शिकणं मात्र सोडू नका. राज्य नाट्य स्पर्धेत रत्नागिरी केंद्रावर काम करायची मला संधी आली होती. दादांनी त्याच आठवड्यात तारखा घेतल्या आणि बाहेर काम करायचं तर मंडळात जागा नाही म्हणाले. वर्षातला काही काळ आपल्या शिकण्याचा, हे सीझन ठरतानाच सांगून टाकायचं. घरी मुलीची परीक्षा, नवरा गावी येतो ते दिवस, ते कॅलेंडरवर आधी मांडायचे आणि मग उरलेल्या तारखा मंडळाला द्यायच्या. उलटं केलं की घरासाठी काही उरत नाही.

माझ्या शेवटच्या काही नाईटचे पैसे दादांकडे अजून अडकलेत. मागितले की "नात्यात हिशेब कसला" असं उत्तर येतं. मी मागत राहणार. त्यांच्याकडे यंदा नवी राधा आहे, पलीकडच्याच वाडीतली, नुकतं कॉलेज संपलेली, गळा फार गोड. परवा मी तिच्या घरी जाऊन तिला आणि तिच्या आईला समोर बसवून यातलं सगळं सांगून आले. दादांना ते कळलंय म्हणे. कळू दे.