फाडलेल्या कागदाचा काळवीट

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळील भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात घटसर्पाने ३१ काळवीट दगावले. मोकळ्या माळावर धावणारा हा प्राणी. कुंपणात रोग शिरल्यावर त्याने पळावे कोठे? मुलांच्या मनात हा प्रश्न चित्रातून जागवावा, असे आम्हांस वाटते.

कागदाचे तुकडे खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून केलेल्या चित्रास कोलाज म्हणतात. कुंपणाच्या पट्ट्या कात्रीने सरळ कापाव्यात. काळवीट मात्र हाताने फाडावा. एकाच बाजूस रंग असलेला कागद, रंगीत बाजू वर ठेवून, घ्यावा. नको तो भाग आपल्याकडे ओढून फाडला असता आकृतीच्या कडेस पांढरी, तंतुमय रेघ उमटते. ती थरथरती कड त्याची ओढ सांगेल. पिळदार शिंगे तेवढी कुंपणाच्या वर जाऊ द्यावीत.